‘आधी दारू सोड, मग बाकीचं बघू’

पत्र :

मॅडम, माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. नऊ वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला आणि दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन माहेरी आली. दारू तिला पहिल्यांदा नवऱ्यानेच पाजली, ‘माझ्यासोबत बस’ म्हणून. इकडे आली म्हणजे सुटली असं आम्हाला वाटलं, पण ती रात्री लपून पिते. झोपेच्या गोळ्याही घेते. त्या आधी डॉक्टरांनी दिल्या होत्या, आता मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. मला गावातच दिलंय, त्यामुळे रोज जाणं होतं. सोमवारी तर तिच्या मुलाचा डबाही मीच भरते, ही उठतच नाही. धान्याच्या डब्यामागे बाटली सापडली ती मी मोरीत ओतली, तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. बुलेटचा आवाज आला तरी तिच्या हातातलं भांडं पडतं. एका समुपदेशकांकडे नेलं. ते म्हणाले, सहा महिने दारू पूर्ण बंद करा, मग बाकीचं बोलू. आई म्हणते, पंढरपूरला नेऊन माळ घालू. माझे मिस्टर म्हणतात, मार खाणाऱ्या सगळ्याच बायका पीत नाहीत, ही सबब आहे. जावई दर रविवारी रात्री मुलाशी बोलायला फोन करतात, तेव्हा घरात सगळे गप्प असतात. परवा ती म्हणाली, मी नसते तर तुम्ही सगळे सुटला असता. तिला जुनं विसरायला लावू की बोलतं करू? आणि आधी दारू सोडवायची की आधी ते दुखणं बघायचं?

उत्तर :

ताई,

तुमचं पत्र लांब होतं, इथे थोडक्यात छापलं आहे. नाव-गाव अर्थातच नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे यायच्या आधी त्याच्या वरच्या वाक्याशी मला थांबलं पाहिजे. ‘मी नसते तर तुम्ही सगळे सुटला असता’ हे रागात किंवा नशेत निघालेलं वाक्य समजून सोडून देऊ नका. आजच, ती शुद्धीत असताना, शेजारी बसून सरळ विचारा : ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट आपण एकटे नाही हे तिला कळतं. ती हो म्हणाली, किंवा उत्तर टाळून नुसती रडली, तरी त्या दिवशी तिला एकटीला ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तिने काही करून घेतलं असेल तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

दुसरी तातडीची गोष्ट गोळ्यांची. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण झोपेसाठी ज्या गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात त्यातल्या बऱ्याचशा अल्प्राझोलामच्या जातीच्या असतात. अशी गोळी आणि दारू एकाच रात्री पोटात गेली की दोन्ही मिळून श्वास मंदावतात. त्यात जीव घ्यायचा इरादा नसतानाही माणसं दगावतात. म्हणून स्ट्रिप तिच्या उशाशी नको. तिच्याशी बोलून, तिच्या संमतीने, आईकडे किंवा तुमच्याकडे ठेवा. पण एक झटक्यात बंदही करू नका. रोज घेत असलेल्या गोळ्या किंवा रोजची दारू एकदम थांबवली तर हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, काहींना नसलेलं दिसायला-ऐकायला लागतं. ‘उद्यापासून बंद’ हे घरच्या घरी करायचं कामच नाही. किती आणि कसं कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील. ओळखीच्या मेडिकलवाल्याला मात्र तुम्ही आजच जाऊन सांगा की चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि डॉक्टरांची भेट या आठवड्यातच घ्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते.

‘आधी सहा महिने दारू बंद, मग बाकीचं’ हे तुम्हाला सांगणारे वाईट हेतूने बोलले नाहीत. अनेक वर्षं जगभर हीच पद्धत होती. व्यसनाचा दवाखाना वेगळा, मनावरच्या आघाताचा वेगळा, आणि दोघेही रुग्णाला एकमेकांकडे पाठवणार. व्यसनवाले म्हणत, जुन्या जखमा उकरल्या तर ही आणखी पिईल. मानसोपचारवाले म्हणत, पिणाऱ्या बाईवर उपचार लागू कसा पडणार? मधल्या मध्ये ती बाई घरी परत जात असे. या रांगेच्या विरोधात ज्यांनी आयुष्यभर संशोधन केलं त्यात अमेरिकेतल्या डॉ. डेनिस हीन आहेत. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. घरातली मारहाण, लहानपणचे अत्याचार आणि त्यातून येणारं व्यसन, विशेषतः स्त्रियांमधलं, हा त्यांचा विषय. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्त्यांतल्या स्त्रियांसोबत त्यांनी काम केलं आहे. त्यांचं काम मी इथे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या घरात आज जो वाद चालू आहे त्याला ते थेट लागू पडतं.

२००९ साली त्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली सात व्यसनमुक्ती केंद्रं आणि ३५३ स्त्रिया. या सगळ्या व्यसनाशी झुंजत होत्या आणि सगळ्यांना आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात तो, पूर्ण किंवा अर्धामुर्धा होता. केंद्रातले नेहमीचे उपचार चालूच ठेवून अर्ध्याजणींना बारा बैठका अशा दिल्या, ज्यात आघात आणि व्यसन यांच्याबद्दल एकत्र बोललं जाई. उरलेल्या अर्ध्याजणींना तितक्याच बैठकांत स्त्रियांच्या आरोग्याची माहिती दिली. बैठका घेणारे कुणी परगावाहून आणलेले मोठे तज्ज्ञ नव्हते, त्याच केंद्रांतले समुपदेशक होते.

निकाल काय लागला? जादू झाली नाही, हे तुम्हाला स्पष्ट सांगते. दोन्ही गटांतल्या स्त्रियांचा आघाताचा त्रास बराच कमी झाला, आणि व्यसनाच्या बाबतीत एकूण पाहता दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण हीन तिथे थांबल्या नाहीत. तीच माहिती त्यांनी पुन्हा तपासली आणि पुढच्या वर्षी मांडली. त्यांना बघायचं होतं की आधी काय हलतं. दारू कमी झाली म्हणून भीती कमी होते, की भीती कमी झाली म्हणून दारू कमी होते? उत्तर मिळालं ते असं : ज्यांची दचकण, दुःस्वप्नं, सततची धास्ती ओसरली त्यांचं व्यसनही खाली येण्याची शक्यता जास्त होती. उलट्या बाजूने, म्हणजे नशा घटली म्हणून आघाताचा त्रास घटला, असं फारसं आढळलं नाही.

ताई, हे तुमच्या बहिणीच्या बाबतीत काय सांगतं? सहा महिने ती ओठ घट्ट मिटून दारूपासून लांब राहिली तरी बुलेटच्या आवाजाने भांडं पडायचं थांबणार नाही. आणि ते पडत राहिलं तर सातव्या महिन्यात हात पुन्हा धान्याच्या डब्यामागे जाईल. म्हणून माझं उत्तर : दोन्ही एकाच वेळी. आणि दोन्हींच्याही आधी सुरक्षितता.

सुरक्षितता म्हणते ती का, ते तुमच्याच पत्रातून दाखवते. सोमवारी ती उठत नाही, हे तुम्ही वर लिहिलंय. रविवारी रात्री नवऱ्याचा फोन येतो, हे खाली. मध्ये कितीतरी ओळी गेल्या आणि तुम्ही ही दोन वाक्यं एकमेकांना जोडली नाहीत. मला वाचताना तीच दोन वाक्यं दिसत राहिली. तुम्हाला वाटतं मारहाण दोन वर्षांपूर्वी संपली. तिच्यासाठी ती दर रविवारी रात्री फोन वाजला की परत सुरू होते. फोन मुलाशी बोलायला असतो हे खरं, पण फोन मुलाच्या हातात जाण्याआधी आणि नंतर तिला काय ऐकावं लागतं, हे कुणी विचारलंय का? ‘पोरगं घेऊन जाईन’ असं काही म्हणतो का? दोन-तीन आठवडे नुसती नोंद ठेवा : फोन कधी आला, त्या रात्री काय झालं. माझा अंदाज चुकीचा निघाला तरी हरकत नाही, तिची दारू कशाच्या मागून येते ते तरी कळेल.

अंदाज बरोबर असेल तर मुलाशी बोलणं तिच्या हातून जाऊ नये. वेळ दिवसाची ठरवा, फोन तुमच्या वडिलांनी किंवा तुम्ही लावून द्या, धमक्या आल्या तर मेसेज आणि कॉलच्या नोंदी जपून ठेवा. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा माहेरी निघून आलेल्या पत्नीलाही लागू आहे, आणि त्यात नुसता मार येत नाही, धमकावणं, अपमान, पैशाची कोंडी हेही येतं. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत कोर्टाकडे संरक्षणाचा आदेश मागता येतो, त्यात फोन करण्यावरही बंदी घालता येते. अनेक पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला समुपदेशन कक्ष असतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली पोलिसांसोबत पहिला विशेष कक्ष काढला, तिथून ही कल्पना राज्यभर गेली. १८१ या महिला हेल्पलाइनवरून तुमच्या जिल्ह्यातला पत्ता मिळेल. पण कुठेही जायचं ते तिला विचारून. तिच्या अपरोक्ष जावयांना जाब विचारायला कुणी जाऊ नका, त्याचा राग शेवटी तिच्यावर आणि मुलावर निघतो.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. मार खाणाऱ्या सगळ्याच बायका पीत नाहीत, हे बरोबरच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून जास्त जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. एवढ्या साऱ्या काही पीत नाहीत. कुणाला अंगदुखी धरते, कुणी देवदेव करते, कुणी मुलांवर हात उचलते, कुणी वर्षानुवर्षं झोपेविना काढते. आघाताला वाट कुठून मिळाली एवढाच फरक असतो. तुमच्या बहिणीच्या हाती दारू कुणी दिली ते तुम्हीच लिहिलंय. त्या घरात रात्री दोन घोट घेऊन बसलं की पुढचा तास कदाचित बिनमाराचा जात असेल, असं मला वाटतं. शरीर हे विसरत नाही. शिवाय दारू सुरुवातीला मेंदूतली धोक्याची घंटा खरंच मंद करते, झोप लागते. पण रात्रीच्या उत्तरार्धात ती उतरू लागली की झोप मोडते, स्वप्नं वाईट पडतात, छाती धडधडते. मग पहाटे गोळी. सकाळी शरम. आणि ती शरम संध्याकाळी परत बाटलीकडे नेते. यात सबब कुठे आहे? सबब सांगणारं माणूस बाटली लपवत नाही.

याचा अर्थ ती जबाबदारीतून मोकळी झाली असा मात्र नाही. बरं होण्यासाठी जी पावलं टाकायची ती तिलाच टाकायची आहेत, मुलाची आई तीच आहे. मिस्टरांना एवढंच सांगा की तिच्याकडून अपेक्षा जरूर ठेवा, तोलून-मापून टोमणे नकोत.

विसरायला लावायचं की बोलतं करायचं? दोन्ही नको. विसरणं तिच्या हातात नाही. आणि स्वयंपाकघरात बसवून ‘सांग बाई एकदा सगळं, मन मोकळं कर’ हेही करू नका. लिसा नजाविट्स या दुसऱ्या एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी जी उपचारपद्धत तयार केली, आणि हीन यांनी अभ्यासात वापरली ती हीच, तिच्यात जुन्या घटनांचे तपशील सांगायला लावतच नाहीत. त्यात आजचं शिकवतात : मदत कशी मागायची, नाही कसं म्हणायचं, कुणाची संगत सुरक्षित, भीतीची लाट आली की स्वतःला आत्ताच्या क्षणात कसं आणायचं. हे शेवटचं तुम्ही दोघी मिळून घरी करू शकता. बुलेट गेली, ती थिजली, तर ‘काही नाही गं, कशाला घाबरतेस’ म्हणू नका. तिचे पाय जमिनीला टेकवायला सांगा, हातात गार पाण्याचा तांब्या द्या, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायला सांगा, आजचा वार विचारा, आपण कुणाच्या घरात आहोत ते विचारा. ओसरेपर्यंत शेजारी थांबा, न विचारता अंगाला हात लावू नका.

जुन्या घटनांमध्ये उतरून काम करणारे उपचारही आहेत आणि ते दारू सुटायची वाट न बघता करता येतात. ऑस्ट्रेलियात १०३ जणांवर केलेला असा एक अभ्यास २०१२ साली आला. व्यसन चालू असतानाच आघातावर थेट उपचार केले तर त्रास अधिक कमी झाला, आणि व्यसन चिघळेल ही जुनी भीती खरी ठरली नाही. पण ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. बहिणीचं नाही.

आईंची माळ. मी आईंच्या श्रद्धेला नाही म्हणणार नाही. माळ घातल्यावर दारू सोडलेली घरं आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि वारीत मिळणारी माणसांची सोबत हा मोठा आधार असतो. पण माळ तिला हवी असली पाहिजे. शिवाय या आजारात स्लिप होते, म्हणजे सोडलेली दारू मध्येच पुन्हा घेतली जाते, चांगल्या सुधारलेल्या माणसाचीही होते. चारचौघांत घातलेली माळ आणि महिन्याभराने झालेली स्लिप, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर आधीच शरमेने वाकलेल्या मुलीला ‘देवालाही फसवलं’ हे ओझं वाढेल. जीव नकोसा झालेल्या माणसावर ते ओझं मी टाकणार नाही. पंढरपूरला न्या, जरूर न्या, दर्शन घेऊन या. शपथ घेऊ नका.

बाटली ओतलीत, त्यामागची तळमळ मला कळते. परत सापडली तर ओतू नका, झडतीही घेऊ नका. नऊ वर्षं कुणीतरी तिच्यावर पाळत ठेवली आहे. तिच्याकडे जाऊन म्हणा, ‘त्या दिवशी मी घाबरले होते. तू पितेस म्हणून नाही, तू जाशील म्हणून.’ आणि सकाळी भेटलात की ‘काल प्यायलीस ना?’ ऐवजी ‘काल रात्र कशी गेली?’ असं विचारून बघा. उत्तर लगेच येणार नाही. रोज विचारा.

केंद्र निवडताना फोनवर आधी चार गोष्टी विचारा. स्त्रियांची सोय वेगळी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ नियमित येतात का, मारहाणीतून आलेल्या स्त्रीसोबत त्यांनी काम केलंय का, आणि नातेवाइकांनी सांगितलं की गाडी पाठवून माणूस उचलून नेतात का? शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तिथून लांब राहा. जिला जबरदस्तीने मोडलं आहे तिला जबरदस्तीने बरं करता येत नाही. पुण्यात मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे, तिथे चौकशी करा. मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालेलं ‘दिलासा’ केंद्र मारहाण झालेल्या स्त्रियांसाठीच आहे. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा क्रमांकही आहे. जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग सगळ्यात जवळचा आणि स्वस्त, तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

मुलाबद्दल तुम्ही डब्यापुरतंच लिहिलंत. १९९८ साली अमेरिकेत एक फार मोठा अभ्यास आला होता, लहानपणच्या वाईट अनुभवांवर. आईला मार बसताना पाहणं हा त्यातला एक अनुभव मोजला होता. असे चार किंवा जास्त प्रकारचे अनुभव ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात मोठेपणी दारू, नशा, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पटींनी जास्त निघाला. हे भविष्य नाही, धोका आहे, आणि घरात भरवशाचं एक मोठं माणूस असलं की तो कमी होतो. ते माणूस तुम्ही आधीच आहात. त्याला खरं सांगा, त्याच्या वयाला पेलेल असं : ‘आईला आजार आहे, डॉक्टर बघताहेत, तुझ्यामुळे झालेला नाही.’ बाटल्या शोधायचं काम त्याला देऊ नका आणि आजोळी कुणी त्याच्यासमोर त्याच्या बापाबद्दल किंवा आईबद्दल वाईट बोलणार नाही एवढं बघा.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपसुद्धा बरोबर घ्या. रोज साधारण किती पिते, शेवटचं केव्हा प्यायली, सकाळी हात थरथरतात का, कधी फिट आली होती का, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाली होती का, हे एका कागदावर लिहून न्या. कागद तिला आधी वाचायला द्या, तिला खोडायचं असेल ते खोडू द्या. आत गेल्यावर थोडा वेळ तुम्ही बाहेर थांबा. आणि डॉक्टरांनीही ‘आधी सोडा, मग या’ म्हटलं, तर दुसरे डॉक्टर शोधा.